थकव्याचा बारावा शब्द

मिस पेलिंग दर शुक्रवारी एक जाडजूड पाकीट टपालात टाकते, हे एडविन थीकरच्या लक्षात आलं तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. पेटीपाशी जाईपर्यंत ती पाकिटावरचा पत्ता तळहाताने झाकून धरायची. जिच्याकडे लपवण्यासारखं काही नाही ती बाई पत्ता कशाला झाकेल? थीकरला हे उघड दिसत होतं, आणि एकदा एखादी गोष्ट उघड दिसली की तिच्याकडे दुसऱ्या बाजूने बघायचं नाही, हा त्याचा जुना खाक्या होता.

यॉर्कमधल्या त्या पर्यायकोशाच्या कचेरीत तेव्हा, म्हणजे एकोणीसशे चौतीस साली, तीनच माणसं उरली होती. वरच्या मजल्यावर मुख्य संपादक डॉ. स्टॅनिफर्थ बसायचे. त्यांचा खोकला दिवसभर ऐकू यायचा, ते स्वतः क्वचित दिसायचे. खाली समोरासमोर दोन टेबलं, एक थीकरचं आणि एक मिस पेलिंगचं. भिंतभर लाकडी खण आणि खणांत कोंबलेल्या चिठ्ठ्या. इंग्रजीतला एखादा रोजचा शब्द घ्यायचा, त्याचे सगळे भाऊबंद गोळा करायचे आणि कुठला कुठे शोभतो हे पुराव्यानिशी सांगायचं, एवढंच काम. त्यातच वीस वर्षं गेली होती. देशभरातले हौशी वाचक पुस्तकांतली वाक्यं चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवायचे. वर शब्द, मधे वाक्य, खाली पुस्तकाचं नाव आणि पान. बाकी नियम वाकवले तरी चालायचे, पण एक नाही: आपल्या मनचं वाक्य चिठ्ठीवर लिहायचं नाही. ते केलं की माणूस या धंद्यातून उठला.

मँचेस्टरहून असाच एक दुसरा कोश निघत होता, तुकड्यातुकड्यांनी. तिथली मंडळी पुस्तकं सोडून गावोगाव हिंडतात आणि बायाबापड्यांचं बोलणं टिपून घेतात, म्हणून डॉ. स्टॅनिफर्थ त्यांना 'भाजीवाले' म्हणायचे. पण त्या वर्षी भाजीवाल्यांनी 'सॅड'चा भाग यांच्याआधी तीन आठवडे बाजारात आणला. दुःखाचे शब्द जवळजवळ यांच्याच क्रमाने लावलेले. दुःखी माणसं सगळीकडे त्याच क्रमाने दुःखी होत असतील, असं मिस पेलिंग हसून म्हणाली. थीकरला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

"तुम्हाला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसत नाही," तो म्हणाला.

"आश्चर्य कसलं, मिस्टर थीकर? चार शहाणी माणसं एकच काम करायला बसली की असंच व्हायचं."

"चारच ना? पाचवा कोणी नाही ना मधे?"

तिने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली मान घातली. अपराधी माणसं अशीच मान खाली घालतात, हे थीकरने मनात नोंदवलं. निरपराध माणसांनाही काम असतं, हे त्याला सुचलं नाही.

मग त्याने सापळा लावला. पुढचा शब्द 'टायर्ड' होता. दमण्याचे अकरा शब्द खणात जमले होते. श्रमाने दमलेला, कंटाळून दमलेला, आजाराने गळालेला, घोड्यासारखा धापा टाकणारा. थीकरने बारावा बनवला. 'थ्रॅडल्ड.' शब्द कसा, अगदी जुना, मातीतला वाटला पाहिजे. अर्थही त्यानेच दिला: अंगमेहनत काही नाही, नुसती कोणाची तरी वाट बघून बघून आलेला थकवा. खाली वाक्य घातलं, "गवत कापणाऱ्यांची वाट बघून मी आज पुरता थ्रॅडल्ड झालो." त्याखाली डॉर्सेटच्या एका पाद्र्याची रोजनिशी, साल अठराशे एकेचाळीस, पान दोनशे चौदा. पाद्री, रोजनिशी, गवत, सगळं त्याच्या टाकातून आलेलं. चिठ्ठी जुनी दिसावी म्हणून त्याने ती चहाच्या बशीत बुडवून वाळवली आणि मिस पेलिंगच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात सरकवून दिली. या शब्दाची जगात दोनच माणसांना माहिती असेल, एक मी आणि एक ती, असं म्हणून तो स्वतःवर खूश झाला. आपण धंद्यातलं सगळ्यात मोठं पाप करतोय असं त्याला वाटलं नाही. चोर पकडायला केलेलं पाप त्याच्या लेखी पाप नव्हतं.

दोन महिन्यांनी चिठ्ठी त्याच्याकडे परत आली. मिस पेलिंगने कडेला शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'हे पुस्तक सापडत नाही. शोध चालू आहे. तोवर छापू नये.' वा, केवढा आव! थीकरने चिठ्ठी खिशात घातली, छापायला जाणाऱ्या कागदांत ती जाऊ दिली नाही आणि डोळ्यांत तेल घालून मँचेस्टरच्या पुढच्या भागाची वाट बघत बसला.

मे महिन्यात तो भाग आला. थीकरने टपालवाल्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. 'टायर्ड' काढलं, बोट खाली सरकवत नेलं, आणि शेवटून तिसऱ्या ओळीत ते होतं. 'थ्रॅडल्ड. वाट बघून आलेला थकवा. ईशान्य किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बोलण्यात.' तो उठला आणि भाग काखेत मारून जिना चढला.

वरच्या मजल्यावर मिस पेलिंगला खुर्ची दिली गेली नाही. ती दाराशी उभी राहिली.

"हा शब्द मिस्टर थीकरांनी बनवला आहे," डॉ. स्टॅनिफर्थ म्हणाले. ते दुसऱ्याच बाजूला बघत होते. "तुम्हाला पकडायला. मला आधी सांगितलं नाही, ते असो. तो मँचेस्टरला पोचला कसा?"

"बनवला?" ती एवढंच म्हणाली. मग तिने छापील पान हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. "साहेब, यात ईशान्य किनारा लिहिलंय. चिठ्ठीत डॉर्सेट होतं. ते डॉर्सेट तर इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला. मी चिठ्ठी पाठवली असती तर डॉर्सेटच छापलं असतं ना त्यांनी?"

"चोर गाईचा रंग बदलतोच," थीकर म्हणाला.

"आणि दर शुक्रवारचं पाकीट?" डॉ. स्टॅनिफर्थनी विचारलं.

मिस पेलिंगचे कान लाल झाले. एकावन्न वर्षांची बाई शाळकरी मुलीसारखी पायाकडे बघायला लागली. "शब्दकोडी," ती म्हणाली. "वर्तमानपत्रातली. मी सोडवून पाठवते. तुम्हाला त्यांचा तिटकारा आहे म्हणून..."

"शब्दकोडी!" डॉ. स्टॅनिफर्थ असे ओरडले, जणू तिने टेबलाखाली दारूची बाटली ठेवल्याचं कबूल केलं होतं. थीकर गालात हसला. इतकं पोरकट खोटं त्याला तिच्याकडून अपेक्षित नव्हतं. ती संध्याकाळी खणांवरून एकदा हात फिरवून निघून गेली. शिफारसपत्र मिळालं नाही. त्या पत्राशिवाय तिच्या वयाच्या बाईला कोणी शाळेतसुद्धा उभं करणार नव्हतं, हे तिघांनाही ठाऊक होतं.

डॉ. स्टॅनिफर्थना आता मँचेस्टरवाल्यांची चारचौघांत अब्रू काढायची होती. वर्तमानपत्राला पत्र जाणार होतं. पण त्याआधी पुरावा हवा. ईशान्य किनाऱ्यावर असा शब्द कोणी बोलत नाही, हे तिथे जाऊन ऐकून यायला हवं.

"मी जातो," थीकर म्हणाला. "स्कार्थविकला माझी मावशी आहे. मी जन्मलो तिथलाच."

स्कार्थविक सोडलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. वडील समुद्रात बुडाले, वर्षाच्या आत आई गेली आणि रेडिंगच्या काकांनी त्याला उचलून नेलं. काकांच्या घरी त्याच्या बोलण्याला सगळे हसायचे. वर्षभरात त्याने ती बोली इतकी स्वच्छ पुसून टाकली की पुढे कॉलेजात कोणाला तो कुठला हे ओळखता येईना. याचा त्याला फार अभिमान होता.

केझाया मावशीने त्याला दारात पाहिलं, ओल्या मिशीपासून चकचकीत बुटांपर्यंत, आणि हात पुसून आत घेतलं. त्याच्याशी ती असं जपून जपून बोलायची जसं चर्चमध्ये पाद्र्याशी बोलावं. "थोडा आणखी चहा घेणार का, एडविन?" पुढचे तीन दिवस थीकर वही घेऊन गावभर फिरला. पाद्र्याला विचारलं. पाद्री होता दक्षिणेतल्या केंटचा, त्याने नकारार्थी मान हलवली. शाळामास्तर म्हणाला, असले शब्द मी मुलांना बोलूच देत नाही. धक्क्यावर बायका बसल्या होत्या. कालवं सोलायची आणि गळाच्या दोऱ्यांना लावायची, असं त्यांचं चाललं होतं. तो जवळ गेला की हात चालू राहायचे आणि तोंडं बंद व्हायची.

"वाट बघून दमलात तर काय म्हणता हो तुम्ही, बाई?"

"दमलो म्हणतो, साहेब."

"थ्रॅडल्ड नाही म्हणत?"

बाईने शेजारणीकडे पाहिलं. शेजारणीने वहीकडे पाहिलं. "नाही बाई. असं कोण बोलतंय इथे?"

थीकरने लिहून घेतलं, 'नाही.' तीन दिवसांत तीन पानं 'नाही'ने भरली.

शेवटच्या दिवशी तो पलीकडच्या गावात गेला आणि परत यायला उशीर झाला. मावशीचा चहा, म्हणजे संध्याकाळचं जेवणच, पाचला असायचा. हा दारात आला तेव्हा साडेसात वाजून गेले होते, तरी जूनचं ऊन अजून घरांच्या कौलांवर होतं. मावशी उंबऱ्यातच उभी होती. मागे टेबलावर मासा ताटलीला चिकटून गेला होता.

"कुठे उलथला होतास रे?" ती कडाडली. चर्चमधलं बोलणं कुठल्या कुठे गेलं. "कड्यावरून पडलास की काय, भरतीने नेलास की काय, दर दहा मिनिटांनी त्या वळणापर्यंत जाऊन बघतेय मी! पाय दुखत नाहीत, पाठ दुखत नाही, पण पार थ्रॅडल्ड झालेय! मेल्या, सांगून जायला काय जीभ झडते?"

थीकर पायरीवरच थबकला.

"काय म्हणालीस, मावशी?"

"जीभ झडते का म्हणाले."

"त्याच्या आधी."

तिने सांगितलं. त्याने दाराची चौकट धरली, आणि खरं म्हणजे इथेच त्याचे डोळे उघडायला हवे होते. पण संशय असा सहजासहजी सुटत नाही. त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं ते हे: "तुला हा शब्द कोणी शिकवला? मँचेस्टरहून कोणी आलं होतं ना?"

"आली होती एक पोरगी, मागच्या वर्षी. आठवडाभर माझ्याशेजारी बसून कालवं सोलत होती. बोटं सगळी कापून घेतली बिचारीने. तिच्याकडे वहीबिही नव्हती हो. तुझ्या त्या वहीला बघून लोकांना वाटतंय तू घरपट्टी वाढवायला आलायस. तुला कोण काय सांगतंय!" मावशीने खुर्ची ओढून त्याला बसवलं. त्याचा चेहरा बघून तिचा राग उतरत चालला होता. "आणि मला शिकवायला कशाला कोण पाहिजे? तुझी आई बोलायची, आमची आई बोलायची. तूसुद्धा बोलायचास."

"मी?"

"मग! तुझ्या बापाची होडी आली नाही तेव्हा. तुझी आई तुला घेऊन धक्क्यावर उभी होती. मी भाकरी घेऊन आले, तर तू तिचा झगा ओढत होतास. 'आई, मी थ्रॅडल्ड झालो, घरी चल ना.' आणि ती म्हणायची, थोडंच थांब, बाळा. दोन दिवस थांबलात तुम्ही. तुला नाही आठवत?"

त्याला आठवत नव्हतं. झगाही नाही, होडीही नाही. फक्त शब्द तेवढा तळाशी राहिला होता आणि अडतीस वर्षांनी टाकातून वर आला, तेव्हा त्याला वाटलं, आपण काय हुशार आहोत. थीकरला रडू फुटलं. आईचं दुःख होतं त्यात, पण लाज जास्त होती, कारण रडतानाच त्याला दाराशी उभी असलेली मिस पेलिंग दिसत होती. पान शेवटपर्यंत वाचणारी तीच एकटी होती.

सकाळच्या गाडीत त्याने वही उघडली. तीन पानं 'नाही.' तेवढी डॉ. स्टॅनिफर्थच्या टेबलावर ठेवली असती तर कोणी काही विचारलं नसतं. पिकरिंग स्टेशन येईपर्यंत त्याने तसं करायचं जवळजवळ ठरवलंही होतं, हे सांगायला हवं. मग त्याने पानं फाडली आणि उरलेल्या प्रवासात डॉ. स्टॅनिफर्थना पत्र लिहिलं. ते घेऊन तो आधी मिस पेलिंगच्या खोलीवर गेला.

ती सामान बांधत होती. हल शहरात बहिणीकडे निघाली होती. तिने त्याला आत बोलावलं नाही. जिन्याच्या तोंडाशी उभं राहून पत्र घेतलं आणि मुद्रितं तपासावीत तसं ओळीखाली बोट धरून वाचलं. 'मिस पेलिंग यांच्याबाबत माझा गैरसमज झाला. तो शब्द खरोखरच बोलला जातो. त्यांना सन्मानाने परत बोलवावं.'

"गैरसमज?" तिचं बोट तिथेच थांबलं. "गैरसमज कधी म्हणायचं, मिस्टर थीकर? कोशात त्या शब्दाची टीप तुम्हीच लिहिली होतीत."

"समोरच्याचं बोलणं चुकीचं कळलं, तर."

"माझं कुठलं बोलणं तुम्हाला चुकीचं कळलं? मी त्या रोजनिशीसाठी आठ ग्रंथालयांना पत्रं लिहिली. त्या गावच्या चर्चला लिहिलं. मला वाटत होतं, एवढं चांगलं वाक्य, हरवता कामा नये."

"पण शब्द खरा निघाला, मिस पेलिंग."

"शब्द निघाला. चिठ्ठी नाही निघाली." तिने आतून टाक आणला आणि पत्र कठड्यावर ठेवलं. "योग्य शब्द घाला."

त्याने 'गैरसमज' खोडून 'चूक' लिहिलं.

"चूक नकळत होते," ती म्हणाली.

त्याने 'अविचार' लिहिलं.

"अविचारी माणूस पान दोनशे चौदा असं लिहीत नाही."

त्याला शब्द केव्हाच सापडला होता. चोर सापडला म्हणून डॉ. स्टॅनिफर्थनी त्या चिठ्ठीकडे काणाडोळा केला होता; आता चोरच उरला नव्हता, आणि तो शब्द कागदावर उतरला की ते त्याला एक दिवसही ठेवणार नव्हते. आणि नुसती नोकरी जाऊन भागणारही नव्हतं. एक चिठ्ठी बनावट लिहिणाऱ्याने बाकीच्या खऱ्या लिहिल्या कशावरून? वीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेली प्रत्येक चिठ्ठी आता कोणीतरी उजेडात धरून बघणार. मिस पेलिंग घाई करत नव्हती. त्याने 'अविचार'ही खोडला, तिन्ही खोडलेल्या शब्दांच्या वर लिहिलं, 'मी बनावट पुरावा केला,' आणि खाली पुन्हा सही केली.

तिने वाचलं, शाई वाळू दिली आणि कागदाची घडी घालून त्याच्या हातात परत दिली.

"आता बरोबर आहे. साहेब साडेपाचपर्यंत असतात, तुम्हीच नेऊन द्या." ती वळली आणि ट्रंकेतले कपडे बाहेर काढून पुन्हा खुंटीला लावू लागली. "आणि तुमच्या खणांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवा. सोमवारपासून मी तुमच्या चिठ्ठ्या पहिल्या अक्षरापासून तपासायला घेते."